आधी ताटली, मग बाटली

नाशिकमधल्या कुठल्याही पेट शॉपमध्ये काउंटरमागचं कपाट जरा निरखून बघा. कॅल्शियमचं सिरप, लिव्हर टॉनिक, केसांना चमक आणणारं तेल, सांध्यांच्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिनचे थेंब, पचनाची पावडर! पिल्लू घरी आलं की आठवड्याभरात यातल्या दोन-तीन वस्तू फ्रीजवर येऊन बसतात. कुणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणतं, कुणी दुकानदाराच्या. माया खरी असते, पैसेही खरे जातात. पण त्या जिवाला यातलं नेमकं काय लागतं, हे कळायचं तर आधी त्याच्या ताटलीत डोकवायला हवं. तिथे अशा काही गमती दडल्या आहेत की ऐकून थक्क व्हाल.

आवळा तुम्हाला, त्याला नाही

माणूस, माकड आणि गिनीपिग यांना सी व्हिटॅमिन शरीरात तयार करता येत नाही, म्हणून आपल्याला आवळा, लिंबू, पेरू लागतात. कुत्र्याचं यकृत मात्र हे व्हिटॅमिन रोज स्वतःच बनवतं. धडधाकट कुत्र्याला सी व्हिटॅमिनची गोळी देणं म्हणजे निव्वळ खर्च.

डी व्हिटॅमिनची गोष्ट बरोबर उलटी. आपण कोवळ्या उन्हात बसलो की आपली त्वचा ते तयार करते. कुत्रा गच्चीवर दिवसभर उन्हात लोळला तरी त्याची त्वचा पुरेसं डी बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारा कच्चा मालच तिच्यात फार कमी असतो. त्याला डी मिळतं ते अन्नातूनच. अंड्याचा बलक, मासे, थोडी कलेजी किंवा डी घातलेलं तयार अन्न, एवढेच मार्ग.

अंडं देताना मात्र शिजवून द्या. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिन या व्हिटॅमिनला असं घट्ट धरून ठेवतं की ते शरीराला मिळतच नाही. उकडलं की ॲव्हिडिनची पकड सुटते.

व्हिटॅमिनच्या बाटल्यांमागचे कुत्रे

आपल्या औषधाच्या डब्यातल्या कितीतरी गोष्टींसाठी आपण कुत्र्यांचे ऋणी आहोत. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एडवर्ड मेलनबी हे इंग्रज डॉक्टर पिल्लांना घरात ठेवून ओट्सच्या लापशीसारखा आहार देत होते. पिल्लांचे पाय वाकले, मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर तो टळला. हे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या काही वर्षांत डी व्हिटॅमिनची ओळख पटली.

पुढे १९३७ मध्ये अमेरिकेत कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी 'काळी जीभ' या कुत्र्यांच्या रोगावर निकोटिनिक ॲसिड हे बी गटातलं व्हिटॅमिन देऊन पाहिलं आणि कुत्री बरी झाली. मक्यावर जगणाऱ्या गरीब माणसांना होणारा पेलाग्रा हा याच रोगाचा भाऊ. त्यावरचं औषध कुत्र्यांमुळे सापडलं. लिव्हर टॉनिकवर एवढा विश्वास का, याचंही एक मूळ कुत्र्यांपाशीच आहे. जॉर्ज व्हिपल यांनी रक्त कमी झालेल्या कुत्र्यांना कलेजी खाऊ घातली आणि रक्त झपाट्याने भरून आलं. त्या कामासाठी १९३४ चं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना विभागून मिळालं.

आणि यातली एक गोष्ट थेट आपल्या दख्खनच्या पठारावरची आहे! ज्वारीवर जगणाऱ्या माणसांमध्ये पेलाग्रा दिसतो, हे हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. हीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. १९६५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मुख्यतः ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांनाही काळी जीभ होते. आपल्या घरातल्या कुत्र्यासाठी यातून घ्यायची गोष्ट सोपी आहे. भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर भागत नाही.

भाकरी चालते याचा पुरावा तर त्याच्या गुणसूत्रांतच आहे. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती सापडल्या आणि कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्यावर बसून त्याचं उरलंसुरलं खाता खाता या प्राण्याचं पोटच बदललं. तेव्हा 'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त मांस द्या' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर या ३० प्रती लक्षात ठेवा.

कलेजी फार झाली तर काय होतं, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात दिसलं. डग्लस मॉसन यांच्या मोहिमेत बहुतेक अन्न गमावल्यावर त्यांनी आणि झेवियर मर्ट्झ यांनी स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचं मांस खाल्लं, यकृतही खाल्लं. जानेवारी १९१३ मध्ये मर्ट्झ दगावले. यकृतातल्या ए व्हिटॅमिनच्या अतिरेकाने हे झालं असावं, असं पुढे अनेक अभ्यासकांनी मांडलं. ए आणि डी ही व्हिटॅमिनं यकृतात आणि चरबीत साठून राहतात, लघवीवाटे सहज निघून जात नाहीत. म्हणून रोज वाटीभर कलेजी आणि वरून कॉड लिव्हर ऑइल, हा बेत कुत्र्यालाही झेपणारा नाही.

ताटली कुठली?

आता मुद्द्यावर. तुमचा कुत्रा चांगल्या कंपनीचं, 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं छापलेलं आणि त्याच्या वयाला साजेसं तयार अन्न खातो का? तो ठणठणीत असेल तर त्याला वरून काहीही लागत नाही. कॅल्शियम, झिंक, डी, ई, बी सगळं त्या दाण्यात मोजून घातलेलं असतं. मात्र 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं पाकीट म्हणजे खाऊ, जेवण नव्हे.

घरचं जेवण असेल तर हिशेब बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या होत्या, वेबसाइटवरच्या होत्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. सगळे घटक पुरेसे असलेल्या पाककृती निघाल्या फक्त ९, आणि त्यातल्या ८ पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या.

आपल्याकडची सर्वांत लाडकी ताटली म्हणजे चिकन-भात. दिसायला राजेशाही, पण तिच्यात एक मोठं भगदाड आहे. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम. कुत्र्याच्या अन्नात या दोघांचं प्रमाण एकास एक किंवा कॅल्शियम थोडं जास्त असं हवं. दहा किलोच्या वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाकाठी साधारण पाऊण ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. पिल्लाच्या वयात हे झालं तर सोफ्यावरून छोटीशी उडी मारली तरी पाय मोडू शकतो.

दूध-पोळीची अडचण वेगळी. दुधातून कॅल्शियम येतं, पण प्रथिनं तोकडी पडतात आणि गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं. शिवाय मोठेपणी पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, पोट बिघडतं.

चिकन-भातातल्या कॅल्शियमच्या तुटीवर एक छान घरगुती उपाय आहे, अंड्याचं कवच. ते जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम भरतं. कवच धुऊन, उकळून, कडक वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं बारीक करायचं. बोटांत चोळलं तर खरखर लागता कामा नये. अशी एका कवचाची पूड दहा किलोच्या कुत्र्याला दोन ते तीन दिवस पुरते. तुमच्या कुत्र्याला चिमूट किती, हे वजन आणि आहार सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शिजवलेली नळी किंवा चिकनचं हाड हा कॅल्शियमचा मार्ग नाही. शिजलेल्या हाडाची टोकदार कपची निघते आणि आतडं फाडू शकते.

कान उभे राहीनात म्हणून कॅल्शियम?

जर्मन शेफर्डचं पिल्लू चार महिन्यांचं झालं, एक कान उभा, एक पडलेला, की मालकाची झोप उडते. मग कॅल्शियमचे चमचे सुरू! कान उभा राहतो तो कूर्चेच्या आणि आनुवंशिकतेच्या जोरावर. दात येण्याच्या काळात तो कधी उभा, कधी आडवा असा खेळ करतोच. कॅल्शियमचा आणि त्याचा काही संबंध नाही.

तोटा मात्र मोठा होऊ शकतो. आपल्या पोटात कॅल्शियम जास्त गेलं तर आतडं शोषण कमी करतं. लहान पिल्लाचं आतडं हे दार नीट लावू शकत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंचसं आत घेतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात हॅझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिलं. त्या पिल्लांच्या हाडांची आणि कूर्चेची वाढ बिघडली. ग्रेट डेन, रॉटवायलर, लॅब, शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना 'लार्ज ब्रीड पपी' असं लिहिलेलं तयार अन्न चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप देणं हे मला या सगळ्या कपाटातलं सर्वांत घातक प्रेम वाटतं. शिवाय जादा कॅल्शियम झिंकचं शोषण अडवतं. म्हणजे एका बाटलीमुळे दुसरी बाटली लागायची वेळ येते.

नाशिकचा मेवा, कुत्र्याचं विष

आता खास आपल्या जिल्ह्याची गोष्ट, आणि ही प्रत्येक श्वानपालकाला पाठ हवी. नाशिकचं नाव जगभर नेणारी दोन पिकं म्हणजे द्राक्ष आणि कांदा. दोन्ही कुत्र्याला विषारी!

जानेवारी ते एप्रिल दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून द्राक्षांचे क्रेट शहरात येतात, घरोघर घड लटकतात आणि पोरं कुत्र्याला एखादा मणी भरवतात. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यकांनी २००१ मध्ये मांडलं. पण नेमका दोषी कोण, हे पुढची वीस वर्षं गूढच राहिलं. एक कुत्रा वाटीभर खाऊन बागडायचा, दुसरा थोडक्यात दगावायचा. २०२१ मध्ये त्याच केंद्रातल्या पशुवैद्यकांच्या लक्षात आलं की टार्टरिक ॲसिडचा क्षार असलेली बेकिंगची एक पावडर आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाचा तसाच बिघाड दिसतो. द्राक्षात टार्टरिक ॲसिड भरपूर असतं आणि त्याचं प्रमाण वाणाप्रमाणे, पिकण्याप्रमाणे बदलतं. कोडं बरंचसं सुटलं.

बेदाणे तर वाळून एकवटलेले. किलोमागे तीन ग्रॅमांहून थोड्या कमी बेदाण्यांनीही त्रास झाल्याची नोंद आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक छोटी मूठ पुरे. प्रसादाचा शिरा, ड्रायफ्रूटचा डबा, चिंचेची चटणी, सगळं उंचावर ठेवा. खाल्लंच तर उलट्या सुरू व्हायची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

लासलगावचा कांदा वेगळ्या तऱ्हेने मारतो. त्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि रक्त कमी होतं. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तावर परिणाम करायला पुरेसा आहे. तळा, शिजवा, वाळवून पूड करा, विष जात नाही. लसूण तर वजनाला कांद्याहून जहाल. मिसळीचा उरलेला रस्सा पोळीवर ओतून देणारी घरं नाशिकमध्ये थोडी नाहीत. त्या लाल तर्रीत कांदा, लसूण, तेल, तिखट सगळंच आहे. आणि मग अशक्तपणा आला म्हणून त्याच कुत्र्याला रक्तवाढीचं टॉनिक आणलं जातं.

साठ हजारांची पुडी

तुमच्या घरात डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आहे का? नक्की असेल, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची ती. तिच्यात दीड मिलिग्रॅम डी-३ असतं. कुत्र्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. गणित करा. दहा किलोच्या कुत्र्याने एकच पुडी चाटली तरी तो आकडा ओलांडतो. चार किलोच्या पॉमेरेनियनचं तर बोलायलाच नको. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, खूप तहान लागते, उलट्या होतात, मूत्रपिंडाची हानी होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित कंपनीच्या डबाबंद अन्नात डी व्हिटॅमिन जास्त पडलं होतं आणि तिला बाजारातून डबे परत बोलवावे लागले होते.

माणसांची शुगर-फ्री सिरपं, चघळायच्या गोळ्या, च्युइंगम यांत झायलिटॉल असू शकतं. आपल्याला निरुपद्रवी असलेली ही गोडी कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या-एक तासात पाडते, यकृतही बिघडवते. 'अर्धा चमचा आपलंच मल्टिव्हिटॅमिन देऊ' हा विचार मनात आला तर आधी घटकांची यादी वाचा. खरं तर द्यायलाच जाऊ नका.

बशीत थोडं कमी

कुत्र्याचं आयुष्य वाढवणारी, संशोधनाने सिद्ध झालेली आणि फुकट मिळणारी एक गोष्ट आहे. प्युरिना कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या, एकाच वेतातल्या भावंडांच्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं आणि हे जन्मभर चालू ठेवलं. २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. बेताने खाणारी कुत्री सुमारे १३ वर्षं जगली, भरपूर खाणारी ११.२. जवळपास दोन वर्षांचा फरक! सांधेदुखीही बेताने खाणाऱ्यांना बरीच उशिरा आली. इतका ठोस परिणाम दाखवणारी एकही बाटली मला त्या कपाटात दिसत नाही.

लॅबला हे पटवणं अवघड, कारण केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की सुमारे चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित जनुकाचा एक तुकडा गायब असतो. तो खरोखरच सतत भुकेला असतो, नाटक करत नाही. म्हणून तर त्याच्या त्या डोळ्यांपुढे विरघळायचं नाही. बरगड्यांवर हलका हात फिरवा. दाब न देता बरगड्या मोजता आल्या आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली, तर वजन ठीक.

म्हाताऱ्याचे सांधे

नाशिक शहर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला स्पाइक आठवतो? ११ वर्षं सेवा केल्यावर २०२२ मध्ये त्याला सजवलेल्या गाडीवर बसवून निरोप दिला होता. या वयात कुत्र्यांना सांधे सतावतात. जिना चढताना थांबणं, सकाळी उठताना अवघडणं, सोफ्यावर उडी न मारणं, ही त्याची भाषा.

अशा वेळी दुकानदार पहिल्यांदा पुढे करतो ते ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन. २०२२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून झालेल्या आढाव्यात त्याचा वेदनेवर परिणाम दिसला नाही आणि ओमेगा-३ चा दिसला. पैसे मोजायचेच तर माशाच्या तेलावर मोजा. पण दोन गोष्टी बघून. एक, 'फिश ऑइल' आणि 'कॉड लिव्हर ऑइल' वेगळे. कॉड लिव्हर ऑइलमध्ये ए आणि डी भरलेलं असतं. दुसरं, कॅप्सूलवर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी कामाचे घटक, ईपीए आणि डीएचए, बऱ्याचदा मिळून ३०० च असतात. डोस त्यांवर ठरतो आणि तो डॉक्टरांनी ठरवावा. जवसाची चटणी आपल्याला उत्तम, पण जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीएत रूपांतर करणं कुत्र्याला फारसं जमत नाही.

खरी गरज कुणाला?

गरज असते, आणि तेव्हा सप्लिमेंट जीव वाचवतं. हल्ली नाशिकमध्ये सायबेरियन हस्की दिसू लागले आहेत. या जातीतल्या काहींचं आतडं जन्मतःच झिंक नीट शोषत नाही. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या धरतात. त्यांना झिंक बहुधा आयुष्यभर द्यावं लागतं. जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडातले पाचकरस आटण्याचा आजार आढळतो. कुत्रा बकाबका खातो आणि तरी हाडांचा सापळा होतो. त्याला प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर आणि बरेचदा बी-१२ ची इंजेक्शनं लागतात. हा निदानाचा खेळ आहे, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

उलट काही तक्रारींवर बाटली चालतच नाही. स्वतःची किंवा दुसऱ्याची विष्ठा खाणाऱ्या कुत्र्यांवर २०१८ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती सवय मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ११ उत्पादनांचं यश मालकांनी सांगितलं, आणि एकही दोन टक्क्यांपुढे गेलं नाही! माती खाणाऱ्या कुत्र्याला 'कॅल्शियम कमी आहे' म्हणतात, पण आधी जंत तपासायला हवेत.

आणि सर्वांत कळकळीने सांगायचं ते मरगळलेल्या कुत्र्याबद्दल. खाणं सोडलं, सुस्त झाला की घरोघर लिव्हर टॉनिक नाहीतर लोहाचं सिरप सुरू होतं, त्यात चार दिवस जातात. आपल्या भागात यामागे गोचीड ताप असण्याची दाट शक्यता असते. गोचिडीतून येणारा बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो, एर्लिकिया प्लेटलेट पाडतो, आणि पोटातले अंकुशकृमी रक्त पितात ते वेगळंच. लोह घालून यातलं काहीच थांबत नाही. ओठ वर करून हिरडी बघा, बोटाने दाबून सोडा. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. ती फिकट, पांढुरकी दिसली तर कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, पंजाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.